चाकाची बैठक

आपल्या मराठी भाषेत ‘बसणे’ हे क्रियापद मोठे अर्थपूर्ण आहे. अंगरखा अंगात बसतो, गाणाऱ्याचा सूर बसतो, कारागिराचा हात बसतो, तसेच चाक आसावर बसते. या सर्व ठिकाणी अर्थ एकच आहे: दोन गोष्टींचा मेळ असा जमला की, त्यांच्यामध्ये ओढाताण म्हणून उरली नाही. प्रस्तुत लेखात मोटारीचे चाक कसे बसते, ते आपल्या गाडीस जुळवून घेताना किंवा दुरुस्त करताना काय पाहावे लागते, व ते नीट न बसल्यास काय ओढवते, याचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

खेड्यात वाढलेल्या पालकांनी बैलगाडीच्या चाकावर धाव चढविताना पाहिली असेल. सुतार तुंबा, आरे व पुठ्ठे जुळवून लाकडी चाक सिद्ध करी. लोहार त्या चाकाचा परिघ मापून त्याहून किंचित तोकडी अशी लोखंडी धाव घडवी. मग ती आगीत लाल होईपर्यंत तापवून चाकावर चढवीत आणि लगेच वरून पाणी ओतीत. चार मीटर परिघाची धाव ५०० अंश सेल्सियसने तापली, तर ती सुमारे २४ मिलिमीटर लांबते. निवताना तितकीच आखडते आणि सगळे चाक आवळून एकजीव करते. ती धाव त्या एकाच चाकासाठी घडविलेली असे. दुसऱ्याच्या गाडीची धाव आणून ‘चालून जाईल’ असे म्हणण्याची सोयच नव्हती.

मोटारीचे चाक मात्र कारखान्यात हजारोंनी निघते. ते कोणा एका गाडीचे माप घेऊन घडत नाही. म्हणून ते कोणत्या गाडीस बसेल हे डोळ्यांनी नव्हे, तर आकड्यांनीच ठरवावे लागते. ही गोष्ट आम्हांस पुस्तकातून उमगली नाही. ती एका प्रसंगाने शिकविली.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याने आपल्या मोटारीस शोभा यावी म्हणून जुन्या बाजारातून चार अलॉय चाके घेतली. ती गाडीवर चढली, नट आवळले गेले, विकणाऱ्याने “बसतात की! चालून जाईल,” असा निर्वाळाही दिला. पुढे सुटीत तो आईवडिलांस घेऊन गावी निघाला. घाट उतरत असता पुढच्या डाव्या चाकाकडून टकटक असा बारीक आवाज येऊ लागला. तरुणाने तिकडे काणाडोळा केला; पण वडील म्हणाले, “अरे, गाडी आधी थांबव.” उतरून पाहतात तो चारांपैकी एक नट नाहीसा झालेला, दोन सैल, आणि चाकातील भोके घासून लांबट झालेली! रस्त्याच्या त्या अंगास दरी होती, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

ते चाक घेऊन तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, “सर, नट तर मी घट्ट आवळले होते. मग माझे चुकले कोठे?” इतकी वर्षे पदार्थविज्ञान शिकवूनही आम्हांस चटकन उत्तर देता येईना. तेव्हा दहावीच्या काही मुलांसह आम्ही ते चाक एका वृद्ध मिस्त्रीकडे नेले. त्यांनी पट्टीचे कॅलिपर घेऊन समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांमधील अंतर मापले व म्हणाले, “सर, हे अठ्ठ्याण्णवचे चाक आहे. गाडी शंभराची आहे.” चूक होती ती अवघ्या दोन मिलिमीटरांची.

हे दोन मिलिमीटर म्हणजे काय, ते आता पाहू. चाकाच्या मध्याभोवती नटांची भोके एका वर्तुळावर असतात. त्या वर्तुळाच्या व्यासास कारागीर ‘पीसीडी’ म्हणतात. भोके चार असतील, तर समोरासमोरच्या भोकांमधील अंतर म्हणजेच हा व्यास. भोके पाच असतील, तर समोर भोक येत नाही. तेव्हा शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधील अंतर मापून त्यास १.७०१ ने गुणावे. उदाहरणार्थ, ते अंतर ६७.२ मिलिमीटर भरले, तर व्यास सुमारे ११४.३ मिलिमीटर, म्हणजे बरोबर साडेचार इंच येतो. वर्तुळात पंचकोन काढणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा गुणक ३६ अंशांच्या ज्येवरून स्वतः काढून पाहावा.

व्यासात दोन मिलिमीटरांचा फरक पडला, तर प्रत्येक भोक आपल्या स्टडपासून एक मिलिमीटर सरकते. भोकात थोडी मोकळीक असल्यामुळे चाक चढते खरे; परंतु नटाचे शंकूसारखे निमुळते तोंड भोकाच्या निमुळत्या बैठकीवर सर्व बाजूंनी न टेकता एकाच कडेवर टेकते. येथेच अनर्थाचे मूळ आहे. पुष्कळांची समजूत अशी की, मोटारीचा भार स्टडच्या दांड्यांवर लोंबकळत असतो. वस्तुतः तसे नाही. नट आवळला म्हणजे स्टड स्प्रिंगप्रमाणे किंचित ताणला जातो व तो ताण चाकास हबवर दाबून धरतो. चाक व हब यांच्यामधील घर्षणच मुख्यतः गाडी पेलते. बारा मिलिमीटर जाडीच्या स्टडवरील नट १०० न्यूटन-मीटर इतक्या पिळाने आवळला, तर सुमारे चार टन वजनाइतका दाब उत्पन्न होतो. चार नट मिळून सोळा टन! पण नट एकाच कडेवर टेकला असेल, तर ती कड हळूहळू चेपते, स्टडचा ताण उतरतो, दाब ओसरतो, आणि मग चाक हलू लागते. चाक हलले म्हणजे नट आपोआप उलटू लागतो. आमच्या विद्यार्थ्याने नट घट्ट आवळले होते हे खरेच. पण घट्ट आवळणे आणि नीट बसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

दुसरे माप मधल्या भोकाचे. हबच्या मध्यावर एक गोल उंचवटा असतो. चाकाचे मधले भोक त्यावर चपखल बसले, म्हणजे चाक आपोआप मध्यावर येते. अनेक गाड्यांसाठी एकच चाक विकता यावे म्हणून बाजारी चाकांचे हे भोक मोठे ठेवतात. ७३.१ मिलिमीटरचे भोक ५४.१ मिलिमीटरच्या हबवर आले, तर मध्ये मोकळी जागा राहते. ती भरण्यास योग्य मापाचे कडे मिळते. हा उपाय निर्दोष आहे. कारण कडे भार उचलीत नाही, चाक मध्यावर आणण्याचेच काम करते.

तिसरे माप ऑफसेट. चाकाच्या रुंदीच्या बरोबर मध्यावरून एक रेषा कल्पावी. हबला टेकणारा पृष्ठभाग त्या रेषेपासून जितका बाहेरच्या अंगास, तितका ऑफसेट. समजा, मूळ चाक ६ इंच रुंद व ऑफसेट ४५ मिलिमीटर आहे, आणि नवे चाक ७ इंच रुंद व ऑफसेट ३५ मिलिमीटर आहे. रुंदी एक इंचाने वाढल्यामुळे दोन्ही कडा १२.७ मिलिमीटरांनी पसरल्या. ऑफसेट १० ने घटल्यामुळे सारे चाक १० मिलिमीटर बाहेर सरकले. म्हणजे बाहेरची कड २२.७ मिलिमीटर बाहेर आली आणि आतली कड केवळ २.७ मिलिमीटर आत गेली. इतका हिशेब आधी केला, तर टायर मडगार्डला घासेल की नाही, हे पैसे देण्यापूर्वीच कळते. शिवाय चाक जितके बाहेर, तितका बेअरिंगवर पिळ अधिक व सुकाणू जड, हेही ध्यानात ठेवावे.

चौथे माप टायरसह एकंदर व्यासाचे. १८५/६५ आर १५ या टायरची रुंदी १८५ मिलिमीटर; तिच्या शेकडा ६५ म्हणजे १२०.२५ मिलिमीटर ही बाजूची उंची. ती दुप्पट करून त्यात १५ इंच, म्हणजे ३८१ मिलिमीटर, मिळविले की ६२१.५ मिलिमीटर होतात. १६ इंची चाकावर १९५/५५ टायर घातल्यास बेरीज ६२०.९ येते. दोहोंत फरक जवळजवळ नाही, म्हणून वेगमापकाचा काटा खोटे बोलणार नाही.

चाकांत फेरफार करण्याचा छंद काही आजचा नव्हे. १९२४ साली बुगाटीच्या ‘टाइप ३५’ या शर्यतीच्या गाडीस ओतीव ॲल्युमिनियमची चाके होती. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, तरुण लोक जुन्या गाड्यांची पोलादी चाके कापून, रिमला पोलादाची पट्टी जोडून ती रुंद करीत, किंवा रिम उलटी करून मधली तबकडी पुन्हा झाळीत. पुढे रिम व मधला भाग वेगवेगळे बनवून बोल्टांनी जोडण्याची रीत शर्यतीच्या गाड्यांतून रूढ झाली. त्यामुळे हव्या त्या रुंदीचे व ऑफसेटचे चाक मागणीप्रमाणे जुळविता येते. मापाप्रमाणे चाक मिळविण्याचा हाच सरळ मार्ग होय. उलट, असलेली भोके कानसून लांबट करणे हा आडमार्ग आहे. त्याने नटाची बैठकच नाहीशी होते. जाड चकती, म्हणजे स्पेसर, घालावयाचा असेल, तर नटाचे किती आटे स्टडवर चढतात ते मोजावे. आट्यांची पकड निदान स्टडच्या जाडीइतकी लांब हवी. बारा मिलिमीटरच्या स्टडवर दीड मिलिमीटर अंतराचे आटे असतील, तर नटाचे आठ फेरे पुरे बसले पाहिजेत.

आता दुरुस्तीविषयी. पोलाद सोशिक आहे. खड्ड्यात आपटून रिमची कड वाकली, तर ती पुष्कळदा पूर्ववत करता येते. अलॉयची गोष्ट वेगळी. ही चाके बहुधा ॲल्युमिनियममध्ये सुमारे शेकडा ७ सिलिकॉन व थोडे मॅग्नेशियम मिसळून ओततात. नंतर ती सुमारे ५४० अंशांवर तापवून पाण्यात बुडवितात व पुन्हा सुमारे १५५ अंशांवर काही तास ठेवितात. त्यांचे सामर्थ्य या शिस्तबद्ध तापविण्यात आहे. कारागिराने गॅसची ज्योत लावून चाक सरळ केले किंवा चीर झाळली, तर ती शिस्त तेवढ्या भागात मोडते व धातू मऊ पडतो. वरून रंग दिला की चाक नव्यासारखे दिसते. आतील अशक्तपणा कोणास दिसावा? म्हणून रंग उडणे, कडेवरील ओरखडे, एवढी दुरुस्ती निर्धास्तपणे करावी. पण आऱ्यात, नटांच्या भोकांभोवती किंवा टायर टेकतो त्या कडेशी चीर असेल, तर ते चाक भंगारात द्यावे.

मिस्त्रींनी आमच्या मुलांना चीर शोधण्याची युक्ती दाखविली. चाक स्वच्छ पुसून त्यांनी त्यावर लाल द्रव लावला, काही वेळाने तो पुसून टाकला आणि वर पांढरी भुकटी उडविली. क्षणभर सारे शुभ्र होते. मग एका भोकापासून आऱ्याकडे जाणारी, केसाएवढी तांबडी रेघ हळूहळू उमटू लागली. मुले अगदी स्तब्ध झाली. तो तरुण आमच्या शेजारीच उभा होता. तो एवढेच म्हणाला, “मागच्या आसनावर आई होती, सर.”

नव्या चाकांची परीक्षाही अशीच कठोर असते. वळणावरील पिळ सोसतो काय, भार घेऊन दीर्घकाळ फिरते काय, बाजूने जड वजन आदळल्यास फुटते काय, हे कारखान्यात पाहिले जाते. त्यासाठी आयएसओ ३००६ व आयएसओ ७१४१ ही आंतरराष्ट्रीय प्रमाणे आहेत. भोके वाढविलेले वा झाळलेले चाक मात्र कोणत्याही परीक्षेस न बसता रस्त्यावर येते. आपल्या देशात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम, नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार करण्यास मनाई करते. तेव्हा काही बदल करण्यापूर्वी नोंदणीपत्र व गाडीसोबतची पुस्तिका उघडून पाहावी.

शेवटी घरच्या घरी पाळण्याजोगे नियम सांगतो. चाक चढविण्यापूर्वी हबवरील गंज व माती घासून काढावी, कारण तो थर चेपला की नट सैल होतो. नटाचे तोंड निमुळते आहे की गोलाकार, आणि भोकाची बैठकही तशीच आहे ना, हे ताडून पाहावे. नट प्रथम हातानेच फिरवावेत. मग एकाशेजारी एक न आवळता समोरासमोरचे आवळावेत, व शेवटचा पिळ पुस्तिकेतील आकड्याप्रमाणे मापाच्या पान्याने द्यावा. पन्नास ते शंभर किलोमीटर गेल्यावर तो पुन्हा तपासावा.

विद्यार्थिमित्रांनो, ते चाक आता आमच्या विज्ञानशाळेच्या खिडकीत ठेविले आहे. त्या तरुणाने ते आपण होऊन दिले आणि गाडीस मूळची पोलादी चाके पुन्हा लाविली. आपण ते अवश्य पाहावे, त्याच्या भोकांवर पट्टी धरून ते दोन मिलिमीटर स्वतः मापावे. आणि पालकांस आमची विनंती एवढीच की, घरच्या तरुणाने नव्या चाकांचा हट्ट धरला, तर त्याला एकदम नाही म्हणू नये. त्याच्या हाती पट्टी व कागद देऊन चारही मापे लिहून आणावयास सांगावे. मापे जुळली, तर त्याची हौस पुरवावी. न जुळली, तर ‘चालून जाईल’ हा शब्द घरात कोणीही काढू नये.