संध्याकाळी साडेसहा वाजता

चि. विद्यार्थिनीस,


व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक म्हणून तू रुजू झालीस आणि सहा महिन्यांतच तुझ्या पत्रात एक प्रश्न फिरून फिरून येऊ लागला: महिनाभर उपचार घेतलेला, निरोपाच्या दिवशी बायकामुलांसमोर शपथ घेऊन गेलेला माणूस दोन महिन्यांत पुन्हा दाखल होतो, मग आपण नेमकं करतो काय? प्रश्न रास्त आहे. माझं मत असं की आपण दारू सोडवण्यावर सगळा जोर लावतो आणि दारूविना जगण्याची तयारी शेवटच्या दोन दिवसांत उरकतो. व्यसन केवळ यकृतात किंवा मेंदूत राहत नाही. माणसाची झोप, त्याचं घर, रोजगार, मित्र आणि दिवसाचे तास या सगळ्यांत त्यानं बस्तान बसवलेलं असतं. उपचारानंही तिथे तिथे पोचलं पाहिजे. ‘सर्वांगीण उपचार’ या शब्दाचा मी एवढाच अर्थ घेतो. औषध, योग, प्रार्थना, समुपदेशन यांची मोळी बांधली की उपचार सर्वांगीण झाला, असं मला वाटत नाही. कोणत्या गोष्टीची वेळ कधी आणि एकीला दुसरीचा आधार कसा, हे कळणं महत्त्वाचं आहे.

पहिली पाळी शरीराची, आणि तिथे डॉक्टरला पर्याय नाही. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम बंद केली की काही तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो, नसलेली माणसं नि किडे दिसू लागतात, आणि उपचार न मिळाल्यास यात मृत्यूही येतो. म्हणून ‘खोलीत कोंडून ठेवा, चार दिवसांत सुटेल’ हा सल्ला जिवावर बेतणारा आहे. तितकाच घातक प्रकार म्हणजे रोग्याला न सांगता जेवणातून गोळी देणं. भिंतीवरच्या जाहिराती वाचून कितीतरी घरांत हे केलं जातं. डायसल्फिरामसारखं औषध पोटात असताना माणूस प्यायला तर शरीरात विषारी द्रव्य साठतं, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. जाणतेपणी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलं तर हेच औषध काहींना मोठा आधार देतं. चोरून दिलं की जीव धोक्यात येतो आणि बायकोवरचा विश्वासही जातो. पुढे ज्या घराच्या आधारावर त्याला उभं राहायचं आहे, तेच घर आपण आधी पोखरून ठेवतो.

यावर तुला कुणी विचारील की आपल्याकडे गळ्यात तुळशीची माळ घालून दारू सोडलेली माणसं गावोगाव आहेत, त्यांना कुठे डॉक्टर लागला? या आक्षेपाचा मी आदर करतो, कारण त्यात मोठं सत्य आहे. माळ माणसाला नवी ओळख देते. कालपर्यंत जो ‘बेवडा’ होता, तो आज ‘माळकरी’ होतो. त्याला भजनी मंडळाची सोबत मिळते आणि तो आषाढीची वाट बघू लागतो. सगळ्यात मोलाचं म्हणजे ज्या वेळी पाय गुत्त्याकडे वळायचे, त्याच तिन्हीसांजेला हरिपाठाला जाऊन बसायचं असतं. ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ची चळवळ १९३५ साली अमेरिकेत ओहायोमधल्या अ‍ॅक्रन गावात सुरू झाली. तिच्या बैठकांतही हेच घडतं: त्याच वाटेवरून गेलेल्यांची संगत आणि ‘फक्त आजचा दिवस’ एवढाच संकल्प. तेव्हा श्रद्धेला कमी लेखू नकोस. पण शरीर दारूवर पुरतं अवलंबून असलेल्या माणसानं सोमवारी माळ घालून दारू बंद केली, तर बुधवारी त्याला झटके येऊ शकतात, हेही त्याच्या घरच्यांना स्पष्ट सांग. आधी डॉक्टर, मग हरिपाठ. यात देवाचा काहीच अवमान नाही.

आता परिस्थितीकडे ये. १९७१ साली व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा अभ्यास ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी केला. तिथे असताना जवळजवळ पाचातला एक सैनिक हेरॉइनसारख्या द्रव्यांच्या आहारी गेलेला होता. मायदेशी आल्यावर त्यांतले पहिल्या वर्षात फक्त ५ टक्के आणि तीन वर्षांत सुमारे १२ टक्के पुन्हा व्यसनी झाले. युद्धाची भीती, कंटाळा, स्वस्त माल, त्याच नादातले सोबती हे सगळंच मागे राहिलं होतं. यावरून ‘जागा बदला, व्यसन सुटेल’ असा सोपा निष्कर्ष मात्र काढू नकोस. तुझ्या केंद्रातला माणूस घरी जातो म्हणजे थेट आपल्या व्हिएतनामातच परततो. तीच गल्ली, तोच नाका, पगाराच्या दिवशी हाक मारणारे तेच मित्र. हेरॉइन, म्हणजे आपल्याकडचं गर्द, घेणाऱ्याला तर वेगळाच धोका असतो. काही आठवडे बंद राहिल्यानं शरीराची सहनशक्ती घटलेली असते आणि पूर्वीचीच मात्रा प्राण घेऊ शकते. गल्ली आपल्याला बदलता येत नाही हे खरं, पण गडचिरोलीनं तोही प्रयत्न केला. लोकांच्या दीर्घ लढ्यानंतर १९९३ साली तिथे जिल्हाभर दारूबंदी झाली. केवळ कायद्यानं चोरटी दारू थांबत नाही, हा आक्षेप तिथेही घेतला गेला, आणि तो खोटा नव्हता. म्हणूनच २०१६ पासून तिथल्या ‘मुक्तिपथ’ या मोहिमेनं गावांच्या संघटना आणि व्यसनींवरचे उपचार यांची सांगड घातली. गाव सावध असेल तर उपचार घेऊन आलेल्याला टेकायला जागा मिळते.

घराच्या बाबतीत पुण्याच्या मुक्तांगणकडून शिकावं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं हे केंद्र उभं केलं. रुग्णांच्या पत्नींना ‘सहचरी’ या नावाखाली एकत्र बसवणं हा तिथल्या उपचाराचाच भाग आहे. नवरा पितो तेव्हा बायको त्याची कर्जं फेडते, कामावर खोटे निरोप धाडते, शेजाऱ्यांपासून लपवते. तिचं शरीर-मनही या आजारात भरडलं जातं. तिला बरं वाटू लागल्याशिवाय ते घर बरं होत नाही. इथे काहीजण म्हणतील की आजार म्हटलं की पिणाऱ्याची जबाबदारी संपते, मग मारहाणही आजारातच मोडेल. मुळीच नाही. मधुमेह झाल्याचा दोष आपण कुणाला देत नाही, पण पथ्य पाळण्याची जबाबदारी त्याच्यावरच टाकतो. आणि घरात हात उगारला जात असेल तर आधी तिची आणि मुलांची सुरक्षितता, समुपदेशन नंतर. त्याच्या बरं होण्यासाठी तिनं मार खावा, असं एका शब्दानंही सुचवू नकोस.

आता तुझा मूळ प्रश्न. उपचारानंतर पुन्हा व्यसनाकडे वळणाऱ्यांचं प्रमाण ४० ते ६० टक्के मानलं जातं. रक्तदाब आणि दमा यांत पथ्य-औषध सुटून आजार उलटण्याचं प्रमाण ५० ते ७० टक्के सांगतात. रक्तदाबाच्या रुग्णानं गोळ्या सोडल्या आणि तो परत आला, तर डॉक्टर त्याला नालायक म्हणत नाहीत, औषध कुठे सुटलं ते विचारतात. तूही तेच विचार. परत आलेला माणूस आपली योजना कुठे फाटकी होती ते दाखवायला आलेला असतो: पगाराचा दिवस, मेहुण्याचं लग्न, रात्रपाळीनंतरचं जागरण, बायकोशी झालेलं भांडण. त्याला लाज वाटेल असं बोललीस तर पुढच्या खेपेला तो येणारच नाही, आणि न येणाऱ्यांची संख्या आधीच प्रचंड आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ माणसांमागे जेमतेम एकाला काहीतरी उपचार मिळाला होता.

तू म्हणशील, केंद्रात आम्ही तिघंच, एवढं सगळं कसं करायचं? सगळं करू नकोस. निरोपाच्या शपथेला जेवढा वेळ देता, तेवढाच वेळ एका कागदाला दे. घरी गेल्यावरच्या पहिल्या सात दिवसांत संध्याकाळी साडेसहा वाजता तो कुठे असेल, कुणाबरोबर असेल, काय करत असेल, हे त्याच्याच हातानं लिहून घे. पगार कुणाच्या हातात जाईल, तलफ आली तर फोन कुणाला करायचा, हेही त्याच कागदावर येऊ दे. केंद्र बंद असेल तेव्हासाठी १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मदत क्रमांक खाली लिही. एक प्रत त्याच्या पत्नीला किंवा आईला दे, एक तुझ्याजवळ ठेव, आणि आठव्या दिवशी, त्याच्या फोनची वाट न बघता, तू स्वतः त्याला फोन कर.

तुझे
सर