खर्डीत बॅकगॅमन शिकायचंय? आधी वही, मग पुस्तक

बॅकगॅमन हा सारीपाटासारखा फासे आणि सोंगट्यांचा खेळ: २४ घरं, प्रत्येकी १५ सोंगट्या, दोन फासे. शिकायला खर्च थोडा लागतो, पण तो योग्य क्रमाने करा. किमती अंदाजे आहेत.

पट : ० ते ३५० रुपये
कॅरमच्या एका संचात प्रत्येक रंगाच्या ९ सोंगट्या असतात, म्हणून दोन संच लागतील (१५० ते ३०० रुपये). कार्डशीटवर साडेतीन सेंटिमीटर रुंदीची घरं आखा. ४६ बाय ३८ सेंटिमीटरचा पट पुरतो. पैसे वाचवायचे तर १५ चिंचोके, १५ पांढरे पावटे, जुन्या कॅलेंडरची पाठ आणि ल्युडोचे फासे घ्या.

वही : ४० रुपये
सर्वात मोलाची खरेदी हीच; तिच्यात प्रत्येक चाल नोंदवा. आपल्या बाजूने घरांना १ ते २४ क्रमांक द्या. ‘३-१ : ८/५ ६/५’ म्हणजे फाशावर तीन-एक पडले, एक सोंगटी ८ वरून ५ वर, दुसरी ६ वरून ५ वर. तुमचं २४ वं घर समोरच्याचं पहिलं. सुरुवातीला २४ वर २, १३ वर ५, ८ वर ३, ६ वर ५ सोंगट्या. घरांचे क्रमांक सोंगट्यांनी गुणून बेरीज करा; १६७ आली नाही तर मांडणी चुकली.

संगणक : ० रुपये
‘जीएनयू बॅकगॅमन’ हा संगणक कार्यक्रम मोफत आहे. वहीतला डाव त्यात भरा; कोणती चाल महागात पडली, ते कळतं.

पुस्तक : हजाराच्या पुढे
पॉल मॅग्रिएल यांचं ‘बॅकगॅमन’ (१९७६) पाया पक्का करतं. पुस्तक इंग्रजी आहे, पण चालींची नोंद वाचता आली की अर्धं काम सोपं होतं. जुन्या पुस्तकांतले सुरुवातीच्या चालींचे काही सल्ले मात्र तपासून घ्या: १९९० च्या दशकात ‘टीडी-गॅमन’ या संगणक कार्यक्रमाने २-१, ४-१, ५-१ बाबतची मतं बदलली. पुस्तक आणायला खर्डीहून कल्याण-दादरची लोकल पकडण्याआधी पुस्तकांच्या दुकानात फोन करा, नाहीतर तिकीट आणि दिवस दोन्ही जातील.

पैसे लावून खेळू नका. डावाची पैज दुप्पट करण्याचा फासाही सध्या नको. वहीत वीस-एक डाव उतरले की चौघांनी मिळून एकच पुस्तक मागवा. दीड हजाराचं असलं, तरी प्रत्येकी ३७५ रुपयेच पडतील.