जुन्या स्पोर्ट्स कारचे इंटीरियर उतरवायचे आहे? आधी हिशेब मांडा

दोन सीटच्या जुन्या उघड्या गाडीचे आतले सगळे सामान नीट उतरवून घ्यायला ग्वाल्हेरमध्ये साधारण साडेसात ते अकरा हजार रुपये हाताशी ठेवावेत. ते सामान दुरुस्त करून परत बसवायला मात्र पाऊण लाखापासून दोन लाखांपर्यंत खर्च येऊ शकतो. पहिले काम घाईने उरकले, तर दुसऱ्या कामाचे बिल हमखास फुगते.

या शहराला मोटारींचे वेड जुने आहे. १९०८ साली मुंबई ते कोल्हापूर या घाटाच्या रस्त्यावरची चाचणी गाजवणारी रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट, म्हणजेच ‘पर्ल ऑफ द ईस्ट’, ग्वाल्हेरच्या माधवराव महाराज शिंद्यांनी विकत घेतली होती. आपल्या घरातली गाडी एमजी असो, ट्रायम्फ असो की मद्रासमध्ये बनलेली स्टँडर्ड हेराल्ड, काम करण्याची शिस्त तीच.

खरंच उतरवायची गरज आहे का?

मूळचे चामडे मळलेले पण शाबूत असेल, तर ते स्वच्छ करून तेलपाणी करा आणि तसेच ठेवा. एकदा फेकलेले मूळ सामान कितीही पैसे मोजले तरी परत मिळत नाही. मॅटखालचा पत्रा गंजला असेल, वायरिंगचे आवरण चुरा होत असेल किंवा सीटच्या स्प्रिंगा तुटल्या असतील, तरच पूर्ण उतरवा.

जागा आणि हंगाम

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या खासगी बाजारासारख्या दाट वस्तीत जागेचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. सीट काढलेली गाडी चालवत नेता येत नाही. म्हणून काम घरी करायचे की वर्कशॉपमध्ये, हे आधीच ठरवा. शहरातल्या शहरात गाडी उचलून नेण्याचे एका खेपेला दीड ते तीन हजार धरा. काम दसऱ्यानंतर सुरू करा, कारण पावसाळ्यात उघडा पत्रा लगेच गंज धरतो. काढलेले सामान माळ्यावर ठेवणार असाल, तर उंदरांचा बंदोबस्त आधी करा. घोड्याचे केस आणि काथ्या भरलेल्या गाद्या त्यांना फार आवडतात.

उतरवण्याचा खर्च

पुढचे आकडे नियोजनासाठीचे अंदाज आहेत. काम देण्यापूर्वी दोन-तीन ठिकाणी विचारा.

– मिस्त्री आणि मदतनीस, तीन दिवस: ४,५०० ते ६,६०० रुपये
– डॅशबोर्डच्या वायरिंगसाठी ऑटो इलेक्ट्रिशियन, एक दिवस: १,५०० ते २,५०० रुपये
– पिशव्या, चिठ्ठ्या, मार्कर, गंज सोडवणारे तेल, मास्क, हातमोजे: १,५०० ते २,००० रुपये

सीट, मॅट आणि दाराची पॅडे तुम्ही स्वतः काढू शकता. त्यात मजुरीचा एखादा दिवस वाचेल. डॅशबोर्ड आणि वायरिंग मात्र जाणकारावरच सोपवा.

कामाचा क्रम

सगळ्यात आधी बॅटरीची तार काढा. जुन्या इंग्लिश गाड्यांत बहुधा पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असते, त्याची नोंद करून ठेवा. मग सीट, मॅट, दाराची पॅडे, आणि शेवटी डॅशबोर्ड. प्रत्येक भाग काढण्याआधी आणि काढल्यावर फोटो घ्या. त्याचे स्क्रू त्याच भागाच्या पिशवीत टाका आणि वर नाव लिहा. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक द्या.

जुन्या एमजीवर मिलिमीटरचे पाने चालवू नका, नटाचे कोपरे झिजतात. व्हिटवर्थ आणि इंचाचे पाने मिळवा. एमजी टीसीच्या बॉडीचा सांगाडा ॲश लाकडाचा आहे, त्यामुळे वाळवी लागली आहे का ते टोचून पाहा. गिअरबॉक्सजवळच्या जुन्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतो. ते कोरडे खरवडू नका. ओले करून, मास्क लावून काढा. डॅशबोर्डवरच्या फार जुन्या मीटर-घड्याळांच्या चमकत्या आकड्यांत रेडियम असू शकते, म्हणून त्यांची काच घरी उघडू नका.

फाटलेले रेक्झिन आणि कुजलेली मॅटही जपून ठेवा. कुशनवाल्याला त्यांच्यावरूनच अचूक कटिंग करता येते.

पुढचा खर्च

– तळाचा पत्रा, वेल्डिंग, प्रायमर: १५,००० ते ४०,००० रुपये
– दोन सीट: रेक्झिनमध्ये १२,००० पासून, अस्सल चामड्यात ४५,००० पर्यंत
– मॅट आणि अस्तर: ८,००० ते १५,००० रुपये
– नवे वायरिंग: १५,००० ते ३५,००० रुपये
– पाच मीटर-घड्याळांची दुरुस्ती: १५,००० ते ४०,००० रुपये

एकूण ६५,००० ते १,७५,००० रुपये. त्यावर वीस टक्के राखीव ठेवा, कारण मॅट उचलल्याशिवाय पत्र्याची खरी अवस्था कळत नाही. नोंदणीकृत वर्कशॉपच्या बिलावर १८ टक्के जीएसटी येतो. दर विचारताना तो धरून विचारा.

कागदपत्रे

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेल्या खासगी गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा विंटेज क्रमांक घेता येतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला नसावा, ही अट आहे. म्हणून गंजलेला पत्रा बदलताना आकार मूळचाच ठेवा. हा क्रमांक घेतल्यावर गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही, हेही आधीच लक्षात घ्या.

गाडी वर्कशॉपमध्ये सोडताना सामानाची यादी करा, तिच्यावर वर्कशॉपच्या मालकाची सही घ्या आणि फोटो जोडा. पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका. कामाच्या टप्प्यांप्रमाणे द्या आणि प्रत्येक वेळी पावती घ्या. सामान हरवले किंवा काम अर्धवट राहिले, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे, आणि तिथे ही यादी आणि पावत्याच तुमचा पुरावा ठरतील.

पुढच्या खर्चाची तजवीज झालेली नसेल, तर गाडी उघडू नका. मूळ सामानासह बंद उभ्या असलेल्या गाडीची किंमत टिकते. सुटी करून पोत्यांत भरलेली गाडी बहुतेक वेळा भंगाराच्या भावाने जाते.