लॅपटॉपच्या बॅटरीचा घसारा

यंत्रसामग्रीचे मूल्य वर्षागणिक घटते आणि ताळेबंदात घसारा म्हणून त्याची नोंद होते. लॅपटॉपच्या बॅटरीलाही असाच घसारा लागतो. मात्र त्याची नोंद कोणी ठेवीत नाही. कर्जमेळाव्यात ऐनवेळी वीज जाते, अर्जदाराचा प्रस्ताव अर्धवट असतानाच पडदा काळा होतो, तेव्हा ती तूट ध्यानात येते.

पूर्वीच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या पूर्ण रिकाम्या करून मगच चार्ज कराव्यात, असा प्रघात होता. 1991 मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली आणि कालांतराने लॅपटॉपमध्ये तीच रूढ झाली. प्रघात मात्र टिकून राहिला. वस्तुतः या बॅटरीला वारंवार शून्यापर्यंत उतरविणे अपायकारकच ठरते.

या बॅटरीची झीज दोन प्रकारे होते. पहिली वापराने. एकूण 100 टक्के क्षमता खर्ची पडली की एक आवर्तन पूर्ण होते. दोन दिवस निम्मी निम्मी वापरली तरी आवर्तन एकच. दुसरी झीज काळाची, आणि बहुतेकांचे दुर्लक्ष होते ते हिच्याकडेच. बॅटरी न वापरताही ती होत राहते. घट पूर्ण भरलेला असताना त्याचा दाब सुमारे 4.2 व्होल्ट असतो. त्या स्थितीत, विशेषतः उष्णतेत, आतील रासायनिक ऱ्हास वेगाने होतो. बॅटरी वाचावी या सद्हेतूने लॅपटॉप अहोरात्र चार्जरला जोडून ठेवणारा वापरकर्ता अशा प्रकारे नकळत तिचे आयुष्य घटवीत असतो. विदर्भातील मे महिन्यात तर विचारावयासच नको.

अनेक लॅपटॉपमध्ये चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबविण्याची सोय असते. टेबलावरच काम असेल तर ती सुरू ठेवावी. प्रवासापूर्वी 100 टक्के भरण्यास हरकत नाही. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरू नये, कारण हवेचे मार्ग बंद होतात. उन्हातील बंद मोटारीत तर तो ठेवूच नये. दीर्घ रजेवर जाताना बॅटरी सुमारे निम्मी भरून लॅपटॉप थंड जागी बंद करून ठेवावा.

घसारा मोजताही येतो. विंडोजच्या ‘कमांड प्रॉम्प्ट’मध्ये ‘पॉवरसीएफजी’, एक मोकळी जागा, तिरपी रेघ आणि लगोलग ‘बॅटरीरिपोर्ट’ अशी आज्ञा रोमन लिपीत दिल्यास अहवाल तयार होतो. त्यातील ‘डिझाइन कपॅसिटी’ ही जणू मूळ किंमत, तर ‘फुल चार्ज कपॅसिटी’ ही पुस्तकी किंमत. पहिला आकडा 50,000 आणि दुसरा 38,000 मिलिवॉट-तास असल्यास घसारा 24 टक्के झाला. पडद्यावर दिसणारे 100 टक्के हे या दुसऱ्या आकड्याचे असतात. म्हणूनच जुनी बॅटरीही ‘पूर्ण भरलेली’ दिसते.

टचपॅड वर उचलला गेल्यास अथवा झाकण नीट मिटत नसल्यास बॅटरी फुगल्याची शंका घ्यावी. अशा वेळी लॅपटॉप तत्काळ बंद करावा, चार्जर काढावा आणि बॅटरी न दाबता, न टोचता अधिकृत सेवा केंद्राकडे सोपवावी. जुनी बॅटरी कचरापेटीत टाकू नये. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती गोळा करून तिच्या पुनर्प्रक्रियेची व्यवस्था लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.