पोटाची भूक आणि मनाची भूक



रात्रीचे साडेअकरा. सातपूर-अंबडच्या कारखान्यातून दुसरी पाळी संपवून घरचा माणूस येतो. जेवण कँटीनमध्ये झालेले असते, तरी तो डबे उघडतो. टीव्हीसमोर बसून चिवडा, फरसाण, मुलांची बिस्किटे मूठमूठ संपतात. दुपारी घर रिकामे झाल्यावर पुष्कळ गृहिणींचेही असेच होते. पोट तर भरलेले होते. मग ही भूक कोणाची?

याला भावनिक खाणे म्हणतात. दुःख, राग, एकटेपणा किंवा कंटाळा शांत करण्यासाठी आपण खातो. याला केवळ खादाडपणा म्हणून हिणवणे बरोबर नाही.

शरीरात काय घडते?

अचानक भीती वाटली की भूक मरते. पण कर्जाचा हप्ता, मुलाची बारावी, घरातील अबोला असा ताण दिवसेंदिवस राहिला, की कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते आणि गोड, तेलकट पदार्थांची ओढ लागते. अमेरिकेत ५९ स्त्रियांवर झालेल्या, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ताणामुळे ज्यांचे कॉर्टिसॉल अधिक वाढले त्यांनी त्या दिवशी अधिक खाल्ले.

झोपेचेही तसेच आहे. शिकागोत १२ तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिले. तृप्ती सांगणारे लेप्टिन १८ टक्के घटले, भूक चेतवणारे घ्रेलिन २८ टक्के वाढले (२००४). रात्रपाळी करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. सकाळपासून नुसत्या चहावर राहणाऱ्याचाही संध्याकाळी ताबा सुटतो.

फरक कसा ओळखावा?

पोटाची भूक हळूहळू लागते, भाजी-भाकरीनेही भागते. मनाची भूक एकदम उसळते, ठराविक पदार्थच मागते, पोट भरले तरी थांबत नाही आणि मागे अपराधीपणा ठेवून जाते. त्या अपराधीपणाचा पुन्हा ताण होतो, आणि माणूस पुन्हा डब्याकडे वळतो.

काय करावे?

१. हात डब्याकडे जाताच थांबा. ‘भाकरी दिली तर खाईन का?’ असे स्वतःला विचारा. उत्तर ‘नाही’ आले, तर भूक मनाची आहे.
२. पाणी प्या, दहा मिनिटे फिरून या किंवा कोणाशी तरी बोला.
३. जेवणाच्या वेळा पाळा. दिवसभर उपाशी राहून वजन उतरवू नका.
४. खायचेच असेल तर ताटलीत घेऊन, टीव्ही बंद करून खा.
५. आठवडाभर वहीत लिहा: काय खाल्ले, त्याआधी मनात काय होते?

घरच्यांनी टोमणे मारू नयेत. ‘किती खातोस!’ याऐवजी ‘आज दिवस कसा गेला?’ असे विचारावे. लपून खाणे, ताबा पूर्ण सुटणे असे वारंवार होत असेल, तर तो आजार असू शकतो, डॉक्टरांना भेटा. सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आहे. तेथे मराठीतही बोलता येते.

कुटुंबात चर्चेसाठी: आपल्या घरात दिवसातून एक जेवण तरी सगळे मिळून, टीव्हीशिवाय होते का? नसेल, तर या आठवड्यात कोणते करता येईल?