धंद्यातील धोके : उंबऱ्याच्या आतले आणि बाहेरचे

अर्थशास्त्राच्या परीक्षेत आम्हांला एक प्रश्न आला होता : 'व्यवसायातील अंतर्गत व बाह्य जोखीम यांतील फरक स्पष्ट करा.' त्याचे उत्तर ठरून गेलेले आहे. पानाच्या मधोमध उभी रेघ ओढावी. डाव्या बाजूस यंत्राचा बिघाड, कामगारांतील असंतोष, भांडवलाची चणचण, चुकीचे व्यवस्थापन अशी नावे लिहावीत. उजव्या बाजूस दुष्काळ, पूर, मंदी, सरकारी धोरण, स्पर्धा अशी. मीही असेच लिहिले. गुण चांगले मिळाले आणि हा फरक आपल्याला समजला, अशी माझी खात्री झाली.

ती खात्री गेल्या दिवाळीच्या सुट्टीत डळमळली. सातारा जिल्ह्यात आमच्या गावी आमची पिठाची गिरणी आहे. मी घरी पोहोचले तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती मोडीत काढायचे जवळजवळ ठरवले होते. "काळच फिरलाय पोरी, त्याला आपण काय करणार?" एवढेच ते म्हणाले. माझे शिक्षण त्याच गिरणीवर चालते. तेव्हा मी गिरणीच्या वह्या काढल्या, परीक्षेत ओढली होती तशीच एक रेघ कागदावर ओढली आणि धंदा कशाने बसला ते मांडू लागले. पण एकेक गोष्ट कोणत्या बाजूला लिहावी, हेच कळेना. तो गोंधळ आणि त्यातून जे उमगले ते वाचकमित्रांपुढे ठेवीत आहे.

हा भेद करायचा कशासाठी?

धंदा म्हटला की जोखीम आलीच. आज पैसा घालायचा आणि उद्या तो परत येईल अशी आशा धरायची; आज आणि उद्या यांच्यामध्ये काय घडेल हे कोणाला ठाऊक नसते. फ्रँक नाइट या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात जोखीम आणि अनिश्चितता यांत फरक केला. जिची शक्यता मोजता येते ती जोखीम; आगीचा विमा उतरवता येतो तो त्यामुळेच. जिची शक्यता मोजताच येत नाही ती अनिश्चितता. ती उद्योजकाने स्वतः सोसायची असते आणि नफा हा ती सोसण्याचा मोबदला होय, असे त्याचे प्रतिपादन आहे.

अंतर्गत आणि बाह्य हा भेद याहून निराळा आहे. संकट कोठे जन्मले, हा येथे प्रश्न असतो. माणसे, यंत्रे, पैसा आणि निर्णय या धंद्याच्या चार अंगांतून जे उद्भवते ते अंतर्गत. निसर्ग, बाजार, कायदा, नवे तंत्र आणि लोकांच्या बदलत्या सवयी यांतून जे येते ते बाह्य. या भेदाचा व्यवहारातील उपयोग इतकाच, की दोहोंवरचे उपाय वेगळे असतात. आतला धोका टाळता येतो, निदान कमी करता येतो. बाहेरचा टाळता येत नाही. त्यासाठी तयारी तेवढी ठेवता येते. पाऊस थांबवणे कोणाच्या हाती नाही, पण पावसाआधी छप्पर शाकारणे हाती आहे. म्हणून एखादा धोका चुकीच्या रकान्यात पडला की उपायही चुकतो. छप्पर शाकारायचे सोडून माणूस पावसाला शिव्या देत बसतो.

आमच्या गिरणीची वही

वहीतली पहिली गोष्ट २०२० सालची. त्या वर्षी २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. हे संकट बाहेरचे, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. पण पाहते तो काय, त्या उन्हाळ्यात आमचे दळण घटले नव्हते, उलट वाढले होते! मुंबई-पुण्याची माणसे गावी आली होती आणि घरोघरी खाणारी तोंडे वाढली होती. मात्र त्यांच्या हाताला काम नव्हते. पीठ घरी जात होते आणि पैसे वहीत राहत होते. आबांनी कोणालाही नाही म्हटले नाही, आणि त्या दिवसांत नाही म्हणणे माणुसकीला धरून झाले नसते, हे मलाही मान्य आहे. पण पुढे माणसे परत गेली, कामाला लागली, तरी उधारी तशीच राहिली. ती मागायला कोणी गेले नाही आणि नवी उधारी देणेही थांबले नाही. साथ बाहेरून आली होती. ती ओसरल्यावर जे मागे उरले ते मात्र आमचे होते.

दुसरी गोष्ट २०२३ च्या पावसाळ्यातली. आबांना टायफॉइड झाला आणि गिरणी तीन आठवडे बंद राहिली. मोटार चालू होती, वीज होती, दगड जागच्या जागी होते. फक्त चालवणारा माणूस नव्हता. गिऱ्हाइके खालच्या आळीतल्या गिरणीकडे वळली आणि त्यांतली बरीचशी परत आलीच नाहीत. आबा याला नशीब म्हणतात. दुखणे सांगून येत नाही, हे खरेच. पण अख्खी गिरणी एका माणसावर उभी होती. माझी आई रोज तेथे डबे मोजून घेते, पीठ भरून देते. तरी पट्टा कसा चढवायचा आणि दगड किती आवळायचे, हे तिला कोणी शिकवले नव्हते. ते काही नशिबाने ठरवले नव्हते.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. आबांच्या मते आमचा धंदा घरघंटीने आणि पिशवीतल्या तयार पिठाने बसवला. पुस्तकाप्रमाणे ही बाह्य जोखीमच. येथे मी एक कसोटी लावून पाहिली : हाच घाव शेजाऱ्यालाही बसला आहे काय? घरघंट्या काही फक्त आमच्याच गिऱ्हाइकांनी घेतल्या नव्हत्या. खालच्या आळीतली गिरणीही याच गावात आहे, तरी तिच्यापुढे संध्याकाळी डब्यांची रांग असते. आत्याच्या घरी त्या गिरणीचे पीठ होते. ते मी चिमटीत धरून पाहिले आणि मग आमचे पाहिले. आमचे पीठ रवाळ लागत होते. आमच्या दगडांना टाकी लावून किती दिवस झाले, हे घरात कोणालाच सांगता येईना. दगड बोथट झाले की दळायला वेळ लागतो, वीज जास्त जाते, पीठ तापते आणि भाकरी थापताना बायकांच्या ते पहिल्याच दिवशी लक्षात येते. घरघंटीने आमची काही गिऱ्हाइके नेली हे खरे. उरलेली मात्र आम्हीच घालवली होती.

अशा रीतीने कागदावरच्या एकेका गोष्टीचे दोन भाग झाले. एक भाग रेघेच्या पलीकडे गेला, दुसरा अलीकडे राहिला. आमच्या वहीत तरी निव्वळ बाहेरचे असे संकट मला फारसे सापडले नाही. बाहेरचे संकट आत आले ते आतल्या एखाद्या फटीतूनच.

मुंबईच्या गिरण्या कोणी बुडवल्या?

हे सारे आमच्याच घरापुरते असते, तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण आमची पिठाची गिरणी जन्माला आली तीच मुंबईच्या कापड गिरण्यांच्या पडझडीतून. माझे आजोबा लालबागला एका कापड गिरणीच्या साचे खात्यात होते. तेथून सुटल्यावर हाती आलेल्या फंडाच्या पैशातून त्यांनी गावी ही गिरणी टाकली.

मुंबईतील पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केली. पुढची शंभरसव्वाशे वर्षे मुंबईचे आणि कोकण-घाटावरच्या असंख्य घरांचे पोट या धंद्याने भरले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. हा संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. १९८३ साली केंद्र सरकारने मुंबईतील १३ गिरण्यांचे व्यवस्थापन आपल्या हाती घेतले. पुष्कळ कामगारांना पुन्हा कामावर घेतले गेले नाही. आजोबा त्यांच्यापैकी एक.

'संपाने गिरण्या बुडाल्या,' असे अनेक लोक म्हणतात. आजोबा म्हणत, "मालकांनी बुडवल्या." वस्तुतः हा रकान्याचाच वाद आहे. मालकांच्या बाजूने पाहिले, तर बाहेरचे धोके खरोखरच मोठे होते. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांचे कापड स्वस्त पडत होते आणि करांतही त्यांना सवलत होती. पॉलिस्टर आले होते. काही वर्षे तर ठराविक प्रमाणात नियंत्रित भावाचे कापड काढण्याची सक्तीही गिरण्यांवर होती. पण ही संकटे काही एका रात्रीत आली नव्हती. तोवर अनेक गिरण्यांत कित्येक दशकांपूर्वीची यंत्रे चालत होती आणि ती बदलण्यापेक्षा नफा दुसऱ्या धंद्यांत घालणे पुष्कळ मालकांना सोयीचे वाटले होते. संपाच्या काळात तर काही मालकांनी यंत्रमागांवरच कापड विणून घेतले आणि त्यावर आपल्या गिरणीचा छाप मारून ते विकले.

येथे माझी मघाची कसोटी मात्र अपुरी पडते. घाव शेजाऱ्यालाही बसला काय, असे विचारले तर उत्तर 'होय' असे येते, कारण मुंबईतल्या बहुतेक सगळ्याच गिरण्या बसल्या. मग संकट केवळ बाहेरचे मानायचे काय? मला तसे वाटत नाही. सगळ्यांनी मिळून एकच चूक केली, म्हणून ती चूक बाहेरची ठरत नाही.

संपाचेही तसेच. पाठ्यपुस्तक कामगारांचा असंतोष डावीकडे लिहिते, तर बाहेरच्या पुढाऱ्याने येऊन घोटाळा केला असे म्हणणारा तो उजवीकडे ढकलतो. मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ प्रमाणे गिरण्यांत एकाच संघटनेला कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार होता, आणि ती आपले गाऱ्हाणे मांडत नाही अशी असंख्य कामगारांची तक्रार होती. पगार, बोनस, बदली कामगारांना कायम करणे या मागण्या वर्षानुवर्षे आत साचत होत्या. पुढारी बाहेरून आला. दारूगोळा आतच होता.

उंबरा कोणाचा?

आणखी एक गोष्ट पाठ्यपुस्तकात मला आढळली नाही. आत आणि बाहेर हे शब्द बोलणारा कोणत्या घरात उभा आहे, यावरही पुष्कळ अवलंबून असते. यंत्रे न बदलण्याचा निर्णय मालकाच्या दृष्टीने अंतर्गत होता. आजोबांच्या दृष्टीने तो दुष्काळासारखा होता. तो त्यांना विचारून घेतला गेला नव्हता आणि तो बदलणेही त्यांच्या हाती नव्हते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींच्या पुनर्विकासाला वाट करून दिली. मालकाला एक दार बंद झाले तरी दुसरे उघडले. कामगाराला दुसरे दार नव्हते.

म्हणून उलट बाजूची चूकही करू नये, असे मला सांगावेसे वाटते. प्रत्येक अपयश माणसाच्या माथी मारणे सोपे आहे. पाऊस न झालेल्या शेतकऱ्याला 'तुझे नियोजन चुकले' असे सांगणे, किंवा गिरणी कामगाराला 'तू वेळीच दुसरे काम का शिकला नाहीस?' असे विचारणे, हा अन्यायच होय. बाहेरच्याला आतले म्हणणे हा निर्दयपणा, आणि आतल्याला बाहेरचे म्हणणे ही स्वतःची फसवणूक.

तेव्हा यापुढे रेघ ओढण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत असे मला वाटते. एक : हे घडण्याआधी वेगळा निर्णय घेणे कोणाच्या हाती होते? दोन : धंद्यातल्या इतरांनाही हे सारखेच लागले काय, आणि तसे असेल तर चूकही सर्वांची सारखीच होती काय? तीन : येथे टाळायचे आहे की तयारी ठेवायची आहे?

हे तीन प्रश्न मी आबांसमोर ठेवले, तेव्हा ते रागावले. "चार बुकं शिकलीस म्हणून मला धंदा शिकवतेस?" असे म्हणून ते उठून गेले. मलाही वाईट वाटले, कारण त्या वहीतल्या उधारीत माझ्या प्रवेशाच्या वेळी आपला हात आखडता न घेणाऱ्यांचीही नावे होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाथरवटाला घेऊन आले. आता टाकी लावल्याची तारीख गिरणीच्या भिंतीवर खडूने लिहिलेली असते. आई पट्टा चढवायला शिकली आहे. जुन्या उधारीपैकी थोडी आली, थोडी येणार नाही असे धरून चाललो आहोत. मोडीत काढायचा बेत तूर्त बाजूला राहिला आहे.

घरघंट्या गावात वाढतच आहेत. ते आमच्या हाती नाही. म्हणून मिरची कांडपाचे यंत्र घ्यावे काय, याचा हिशेब आबांनी मला या सुट्टीत करून ठेवायला सांगितला आहे.