अंगणात वायफाय : घराबाहेरचा ॲक्सेस पॉइंट कसा बसवावा?



दसरा-दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. बरीच लेकरं आजी-आजोबांजवळ राहतात. संध्याकाळी आई-बापाचा व्हिडिओ कॉल येतो तेव्हा आजी ओसरीवर असते आणि राऊटर आतल्या खोलीत. चेहरा अडकतो, आवाज तुटतो. अभ्यासाचंही तेच. दीक्षा ॲपवरचा पाठ पाहायला पोरं रेंज शोधत गच्चीच्या कठड्यावर जाऊन बसतात. ही गोष्ट मला रेंजपेक्षाही जास्त खटकते. म्हणून आजचा पाठ थोडा वेगळा घेतलाय.

आधी सिग्नल बाहेर का येत नाही ते पाहू. दोष बहुतेक वेळा राऊटरचा नसतो, भिंतीचा असतो. जुन्या माळवदाच्या घराच्या भिंती दीड-दोन हात जाड, दगडमातीच्या. लहरी त्यात जिरून जातात. पत्र्याचं घर असेल तर धातूवर आपटून परत फिरतात. दारातला लिंबही थोडा सिग्नल खातो, कारण पानांत पाणी असतं. वायफायचे नेहमीचे पट्टे दोन, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. पाच वेग जास्त देतो, पण भिंतीपुढे लवकर हात टेकतो. अंगणासाठी २.४ चालू ठेवाच. यासाठी परवाना लागतो का, असं काही पालक विचारतात. २.४ ला २००५ पासून आणि ५ च्या बऱ्याच भागाला २०१८ पासून घराबाहेरही लागत नाही, फक्त ठरवून दिलेली ताकद ओलांडायची नाही. सेटिंगमध्ये देश ‘भारत’ निवडला की उपकरण ती मर्यादा पाळतं.

आता अंतर. हे वर्गात टॉर्चने दाखवा. भिंतीपासून १ मीटरवर टॉर्च धरा, मग २ मीटरवर. उजेडाचा गोल दुप्पट रुंद होतो, म्हणजे क्षेत्र चौपट, आणि प्रत्येक ठिकाणी पडणारा उजेड एक चतुर्थांश. वायफायचं असंच असतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की सिग्नल साधारण ६ डेसिबलने उतरतो. पुष्कळांना वाटतं, जास्त ताकदीचं यंत्र आणलं की झालं. पण ग्रामपंचायतीच्या भोंग्याचा आवाज अख्ख्या गावाला ऐकू जातो, गावातल्या माणसाचं उत्तर भोंग्यापर्यंत जातं का? मोबाईलचा आवाज बारीक असतो, तोही ॲक्सेस पॉइंटला ऐकू गेला पाहिजे. म्हणून ताकद वाढवण्यापेक्षा यंत्र माणसांच्या जवळ आणणं बरं.

खरेदी करताना घराबाहेरचंच यंत्र घ्या. खोक्यावर आयपी ६५ किंवा त्याहून वरचा आकडा पाहा. त्याचा अर्थ धूळ आत जात नाही आणि पाण्याचा फवारा सोसतो. साधा राऊटर प्लास्टिकच्या डब्यात घालून बाहेर टांगण्याचा उद्योग करू नका, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात तो डबा भट्टी होतो. वीज बाहेर न्यायची गरज नाही. लॅन केबलमधूनच डेटा आणि वीज दोन्ही जातात, त्याला पीओई म्हणतात. अडॅप्टर घरातच, इन्व्हर्टरच्या पॉइंटवर लावा आणि राऊटरही तिथेच, नाहीतर लाइट गेली की दोन्ही गप्प. अडॅप्टर यंत्रासोबत आलेलाच वापरा, कारण कुठे २४ व्होल्ट लागतात, कुठे ४८. केबल पूर्ण तांब्याची, बाहेरच्या उन्हाला टिकणारी, १०० मीटरच्या आत. स्वस्त केबलमध्ये तांब्याचा फक्त मुलामा असतो, आत ॲल्युमिनियम. उंदरांसाठी पाइपातून न्या. घरात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच टपकून जातं, भिंतीत शिरत नाही.

जागा कोणती? ओसरी आणि अंगण दोन्ही दिसतील अशी, वळचणीखाली, आठ-दहा फुटांवर. गच्चीच्या टोकावर खांब उभारून लावू नका. वळवाच्या पावसात आपल्याकडे वीज पडते. गडगडाट सुरू होण्याआधीच अडॅप्टरचा प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवा. एकदा सुरू झाल्यावर केबलला हात लावायचा नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप विजेची आगाऊ सूचना देतं, ते पालकांनी मोबाईलमध्ये ठेवावं.

सेटिंग सोपं आहे. मोड ‘ॲक्सेस पॉइंट’ ठेवा, डीएचसीपी बंद करा (पत्ते वाटायचं काम आतला राऊटर करतो), चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी शेजाऱ्यांचं नसेल ते निवडा. पासवर्ड डब्ल्यूपीए २ चा, आणि मुलाची जन्मतारीख नको!

बसवून झालं की पाचवी-सहावीच्या मुलांना काम द्या. वहीवर अंगणाचा नकाशा काढायचा, दर पाच पावलांवर थांबून सिग्नल दाखवणाऱ्या ॲपवरचा आकडा लिहायचा. उणे ६० म्हणजे छान, उणे ७० पर्यंत व्हिडिओ चालतो, उणे ८० ला अडखळतो. उणे ५० हा उणे ८० पेक्षा मोठा कसा, हा प्रश्न मुलं विचारतीलच. ऋण संख्यांचा पाठ तिथेच घेऊन टाका. ओसरीवरचा आकडा आजीच्या बाजेवर बसून घ्यायला सांगा, आणि ट्रॅक्टरची ट्रॉली अंगणात उभी असताना एकदा, नसताना एकदा.